आम्ल छिद्रात गेले, राहिले का?

जुन्या शास्त्रार्थात एक दंडक असे. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता आले नसते इतक्या नेटकेपणाने आधी मांडायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे. लंगड्या पूर्वपक्षावर मिळवलेल्या विजयाला कोणी विजय म्हणत नसे. सच्छिद्र सिलिकेत आम्ल भरून त्याचा घन उत्प्रेरक करायचा, हा विषय या रीतीने तपासण्याजोगा आहे. एक तर त्यातला पूर्वपक्ष खरोखर बलवान आहे. शिवाय या विषयावरचे पुष्कळसे लेखन उत्तरपक्षापर्यंत पोचतच नाही. भुकटी तयार झाली, आलेख काढले, आलेख देखणे आले, की लेखणी खाली ठेवली जाते. पुढच्या संवादातला पूर्वपक्ष पदार्थ घडवणाऱ्याचा आहे. उत्तरपक्ष माझा आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

पूर्वपक्ष: हा खटाटोप मुळात कशासाठी, इथूनच सुरुवात करू. एस्टर बनवायचे असो, बेंझीनच्या कड्याला शेपूट जोडायचे असो, की तेलातली मुक्त मेदाम्ले मिथेनॉलशी जोडायची असोत, आम्ल लागतेच. सल्फ्युरिक आम्ल स्वस्त आहे, पण काम संपल्यावर ते मालातून सुटत नाही. चुन्याने मारावे लागते. ९८ किलो आम्लाला ७४ किलो विरलेला चुना, आणि पदरात पडतो १७२ किलो जिप्समचा चिखल. म्हणून आम्ल घनरूपात हवे, गाळून पुन्हा वापरता येईल असे. फॉस्फोटंगस्टिक आम्ल या कामाला अगदी बेतल्यासारखे आहे. मधोमध एक फॉस्फरस, भोवती बारा टंगस्टन आणि चाळीस ऑक्सिजन यांचा एक नॅनोमीटरहून जरा मोठा पिंजरा, आणि त्याच्या सोबतीला तीन प्रोटॉन. जे. एफ. केगिन यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. ऋणभार एवढ्या मोठ्या पिंजऱ्यावर पसरल्यामुळे प्रोटॉनवरची पकड सैल राहते, आणि हॅमेटच्या मोजपट्टीवर हे आम्ल शंभर टक्के सल्फ्युरिक आम्लाच्याही पुढे जाते. अडचण एवढीच की नुसत्या घन आम्लाचे पृष्ठफळ ग्रॅममागे पाचेक चौरस मीटर असते. शंभर पिंजऱ्यांतले जेमतेम दोन पृष्ठभागावर येतात. टोल्यूइनसारख्या अध्रुवीय रेणूला स्फटिकाच्या आत शिरता येत नाही, त्यामुळे उरलेले अठ्ठ्याण्णव बसून खातात. त्यांना कामाला लावायचे तर ते मोठ्या पृष्ठभागावर पसरले पाहिजेत. झिओलाइट उपयोगी नाही, कारण वाय-झिओलाइटचे दारच ०.७४ नॅनोमीटरचे, केगिनहून अरुंद. ही कोंडी सुटली ती १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ जाहीर केली तेव्हा, आणि मग १९९८ मध्ये सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एसबीए-१५ आली तेव्हा. एसबीए-१५ ची कृती कोणालाही जमेल अशी आहे: प्लुरॉनिक पी-१२३ हा बहुवारिक हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात विरघळवायचा, ३५ ते ४० अंशांवर टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट सोडून वीसेक तास ढवळायचे, बंद भांड्यात ८० ते १०० अंशांवर दिवसभर मुरू द्यायचे, गाळून धुवायचे, आणि ५०० ते ५५० अंशांवर भाजून बहुवारिकाचा साचा जाळून टाकायचा. मागे राहते मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सरळ नळ्यांची सिलिका. दार आता सहा-सात नॅनोमीटरचे आहे. केगिन अडण्याचा प्रश्नच उरत नाही.

उत्तरपक्ष: यातले एकही विधान मला अमान्य नाही. माझी शंका तुमच्या शेवटच्या वाक्यातून निघते. जे दार आत येणाऱ्याला अडवत नाही ते बाहेर जाणाऱ्याला कशाला अडवेल? फॉस्फोटंगस्टिक आम्ल पाण्यात साखरेसारखे विरघळते, मिथेनॉल आणि इथेनॉलमध्येही विरघळते. याच गुणामुळे तर ते छिद्रांत भरणे इतके सोपे जाते. सिलिकेच्या छिद्रांत मावेल तेवढेच द्रावण घ्यायचे आणि भुकटी ओलसर दिसू लागेपर्यंत थेंबाथेंबाने जिरवायचे. किंवा भरपूर द्रावणात भुकटी ढवळत ठेवून पाणी उडवून द्यायचे. दोन्ही कृतींत खरी कसोटी वाळवण्याच्या वेळी लागते, आणि कृती लिहिताना नेमके तेवढेच एका ओळीत उरकले जाते. पाणी बाहेरच्या बाजूने उडते, आतले द्रावण केशाकर्षणाने नळीच्या तोंडाकडे ओढले जाते, आणि घाईने वाळवले तर आम्ल आत पसरण्याऐवजी तोंडाशी साचते. भरपूर द्रावणाच्या कृतीत तर कणाच्या बाहेरच पापुद्रा धरायला वाव मिळतो. आत जे उरते त्याला सिलिका धरते कशी, तेही पाहू. पृष्ठभागावरचा सिलॅनॉल गट आम्लाचा प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि केगिनचा ऋण पिंजरा त्याच्याशी विद्युत ओढीने चिकटतो. पकड एवढीच. ती हलकी असणे गरजेचेही आहे, कारण सिलिकेने आम्लाला घट्ट धरायचे तर त्याचे प्रोटॉन हिरावून घ्यावे लागतील. ॲल्युमिना हेच करते, आणि तिच्या आम्लारिधर्मी पृष्ठभागावर केगिनचा पिंजराच मोडू लागतो. सिलिका आधार म्हणून चांगली ठरते ती आम्लाच्या वाटेला जात नाही म्हणून. मग ध्रुवीय द्रवात ते आम्ल तिच्याकडे राहील, ही खात्री तुम्ही कशाच्या बळावर देता?

पूर्वपक्ष: मोजमापाच्या बळावर. तर्काने कोणीही काहीही सिद्ध करील. आम्ही नमुना तपासतो. नायट्रोजन शोषणातून बीईटी पद्धतीने पृष्ठफळ काढतो. आम्ल भरल्यावर ते घटते, म्हणजे आम्ल छिद्रांत शिरले. क्ष-किरण विवर्तनात लहान कोनांवरच्या रेषा शाबूत राहतात, म्हणजे पोळे टिकले. मोठ्या कोनांवर आम्लाच्या स्फटिकांच्या रेषा दिसत नाहीत, म्हणजे ते बारीक पसरले. अवरक्त वर्णपटात केगिनच्या पट्ट्या दिसतात, म्हणजे पिंजरा अभंग आहे. फॉस्फरसचा एनएमआर तेच सांगतो. पिरिडीन आणि अमोनिया शोषून आम्लाचा प्रकार आणि बळ काढतो. इतके सहा साक्षीदार एका सुरात बोलत असताना सातवा कशाला हवा?

उत्तरपक्ष: साक्षीदार सहा असले तरी प्रत्येकाला नेमके काय दिसले, ते स्वतंत्रपणे विचारावे लागेल. पृष्ठफळाचा हिशेब करून पाहू. रिकाम्या सिलिकेचे पृष्ठफळ ग्रॅममागे ८०० चौरस मीटर आहे आणि तुम्ही वजनाने ३० टक्के आम्ल भरले. आता एक ग्रॅम भुकटीत सिलिका उरली ०.७ ग्रॅम, तिचे पृष्ठफळ आपसूकच ५६०. म्हणजे ८०० चे ५६० होणे हा आम्ल छिद्रांत शिरल्याचा पुरावाच नाही. आम्ल आणि सिलिका दोन वाट्यांतून काढून कोरडेच मिसळले असते तरी जवळजवळ हाच आकडा आला असता! आकडा भारित भुकटीच्या ग्रॅममागे द्यायचा की त्यातल्या सिलिकेच्या ग्रॅममागे, हे ठरवल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि बहुतेक तक्त्यांत तो भुकटीच्या ग्रॅममागेच छापलेला असतो. पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. या ०.३ ग्रॅम आम्लात सुमारे ६३ अब्ज अब्ज केगिन पिंजरे आहेत. प्रत्येकाने सव्वा चौरस नॅनोमीटरच्या आसपास जागा धरली तर सगळे मिळून पाऊणशे-ऐंशी चौरस मीटर झाकतात. ५६० चा हा सातवा हिस्सा. तेव्हा पिंजरे सुटे सुटे नीट पसरले असतील तर पृष्ठफळ ५६० च्या फार खाली जाण्याचे कारण नाही. ते ३०० वर आले की निबंधात आनंद व्यक्त होतो, पण त्या घटीचा सरळ अर्थ असा की एसबीए-१५ च्या भिंतींतली सूक्ष्म छिद्रे भरली, नाहीतर नळ्यांची तोंडे बुजली. दुसरी शंका खरी असेल तर तिची खूण त्याच आलेखात असते. विशोषणाची फांदी सापेक्ष दाब ०.४५ च्या आसपास एकदम कोसळली, तर तोंड अरुंद आणि पोट मोठे अशा छिद्रांचा संशय घ्यावा. आलेख तुमच्याकडे असतोच. त्यातला एकच आकडा उचलून बाकीचा सोडून दिला जातो, ही तक्रार आहे.

क्ष-किरणांचे तसेच. आम्लाचे स्फटिक दोन-तीन नॅनोमीटरहून लहान असतील तर त्यांच्या रेषा इतक्या पसरट होतात की दिसतच नाहीत, भार कमी असेल तरी दिसत नाहीत. रेषा नसणे म्हणजे मोठे स्फटिक नसणे. त्यावरून आम्ल कुठे बसले आहे ते कळत नाही. उलट, लहान कोनांवरच्या रेषा आम्ल भरल्यावर फिक्या होतात तेव्हा पोळे ढासळल्याची हाकाटी करणारेही असतात. भिंत आणि पोकळी यांच्या घनतेतला फरक जड टंगस्टनमुळे कमी झाला तरी रेषा फिक्या होतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. अवरक्ताचा साक्षीदार तर अर्धा आंधळा आहे. केगिनच्या चार ठळक पट्ट्या १०८०, ९८०, ८९० आणि ८०० च्या आसपास येतात. सिलिकेची स्वतःची रुंद पट्टी १०८० लाच आहे, दुसरी ८०० ला, आणि ९६० ला सिलॅनॉलची. विश्वासाने बोट ठेवावे अशी ८९० ची एकच उरते, आणि कमी भारात तीही लाजते. पिरिडीनची १५४० ची पट्टी ब्रन्स्टेड आम्लाची, हे खरे. पण १४४५ ची दिसली की लुईस आम्ल सापडल्याचे जाहीर करण्याआधी सिलॅनॉलशी हायड्रोजन बंधाने टेकलेले पिरिडीन नेमके तिथेच दिसते, याची आठवण हवी. अमोनियाची तपासणी याहून फसवी आहे. केगिनला घट्ट धरलेला अमोनिया सुटतो तो साडेपाचशे अंशांच्या पुढे, आणि त्या तापमानाला पिंजरा स्वतःच मोडत असतो. आम्लाचे बळ मोजताना आपण आम्लाचा मृत्यू मोजत असतो. या सगळ्यांत फॉस्फरसच्या एनएमआरला मी मानतो. उणे १५ च्या आसपास एकच बारीक रेषा आली तर ओलसर नमुन्यात केगिन धड आहे असे समजायला हरकत नाही. पिंजरा धड आहे एवढे तो सांगतो. पिंजरा नळीत आहे की तोंडाशी, हे त्याला विचारू नये. आणि या सहाही साक्षीदारांत एक समान उणीव आहे. सगळ्यांनी पाहिली ती ताजी, कोरडी भुकटी. नायट्रोजनवाल्याने तर तिला निर्वातात तापवून मग उणे १९६ अंशांवर पाहिले. ती जाणार आहे उकळत्या मिथेनॉलमध्ये.

पूर्वपक्ष: तेही केले आहे. अभिक्रिया केली, उत्प्रेरक गाळला, धुतला, वाळवला, पुन्हा वापरला. पाच फेऱ्या झाल्या. पाचही वेळा रूपांतर तेच आले. आता आणखी काय हवे?

उत्तरपक्ष: घड्याळ हवे. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल समान मोलांनी घेतले तर अभिक्रिया सुमारे दोन तृतीयांशावर थांबते, हे बर्तलो आणि पेआँ द सँ-जील यांनी १८६२ मध्येच दाखवून ठेवले आहे. हा समतोल उत्प्रेरकावर अवलंबून नसतो. सल्फ्युरिक आम्ल घाला, तुमची एसबीए-१५ घाला, दोन्हीकडे शेवटी तोच आकडा येणार. कमी आम्ल असेल तर उशिरा येईल एवढेच. धीमी आणि जलद, दोन्ही लोकल कल्याणला पोचतात. सहा तासांनी फलाटावर जाऊन पाहणाऱ्याला त्यांच्यातला फरक कसा कळणार? उत्प्रेरक थकतो आहे की नाही, हे रूपांतर वीस-तीस टक्क्यांवर असतानाच्या वेगावरून कळते, आणि पाच फेऱ्यांच्या त्या स्तंभालेखात वेग कुठेच नसतो. आता गळतीचा हिशेब. एक ग्रॅम उत्प्रेरकात ०.३ ग्रॅम आम्ल आहे. समजा दर फेरीत त्याचे पाच टक्के सुटून जाते. पाच फेऱ्यांनंतरही तीन चतुर्थांशाहून थोडे अधिक आम्ल शिल्लक असते, आणि भरपूर वेळ दिला तर तेवढ्यावर समतोल सहज गाठता येतो. पाचही स्तंभ सारख्या उंचीचे, आणि आम्ल चालले आहे मोरीत! पहिल्याच फेरीत सुटलेले १५ मिलिग्रॅम आम्ल १०० मिलिलिटर द्रवात विरघळलेले असते, म्हणजे लिटरमागे सुमारे ११५ मिलिग्रॅम टंगस्टन. आयसीपी यंत्राला हा आकडा दिसायला काहीच कष्ट पडत नाहीत, फक्त गाळलेला द्रव कोणीतरी त्याला दाखवायला हवा. शिवाय विरघळलेल्या आम्लाचा एकूण एक प्रोटॉन रेणूंच्या गर्दीत मोकळा असतो, त्याला नळीतून ये-जा करावी लागत नाही. तेव्हा काम पंचाण्णव टक्के स्थिर आम्लाने केले की पाच टक्के फरार आम्लाने, हा प्रश्न थट्टेचा नाही. रॉजर शेल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ऑक्सिडीकरणाच्या घन उत्प्रेरकांबद्दल हाच इशारा दिला होता. त्यांची कसोटी साधी आहे: अभिक्रिया अर्ध्यावर असताना, गरम असतानाच, घन गाळून काढायचा आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला ठेवून पाहायचा. रूपांतर पुढे सरकले तर आम्ल द्रवात आहे. गरम असतानाच गाळायचे, कारण थंड होऊ दिले तर सुटलेले आम्ल परत सिलिकेवर बसते आणि चोर सापडत नाही. एस्टरच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: सेंद्रिय आम्ल स्वतःही थोडे उत्प्रेरण करते, म्हणून उत्प्रेरक मुळीच न घालता होणारा वेग आधी मोजून वजा करावा लागतो.

पूर्वपक्ष: मग तुमच्या मते हा सगळा उद्योगच फसवा ठरतो. इंग्लंडमधल्या हल इथे बीपी कंपनीने २००१ मध्ये वर्षाला २,२०,००० टन इथाइल ॲसिटेट काढणारा कारखाना सुरू केला, तो सिलिकेवर बसवलेल्या हेटरोपॉली आम्लावरच, म्हणजे फॉस्फोटंगस्टिकच्याच घराण्यातल्या आम्लावर. एवढे भांडवल गाळणीच्या कसोटीला घाबरले नाही.

उत्तरपक्ष: उदाहरण चांगले निवडलेत, कारण माझ्या म्हणण्याला त्याहून मोठा आधार नाही. हलच्या कारखान्यात इथिलीन आणि ॲसेटिक आम्ल यांची वाफ उत्प्रेरकावरून जाते. तिथे द्रव नाही, आणि द्रव नसेल तर विरघळून जायला वाटच नाही. शिवाय ही सरळ जोडणीची अभिक्रिया आहे. इथिलीनला ॲसेटिक आम्ल चिकटते, पाणी तयार होत नाही. थोडी वाफ मुद्दाम सोडतात, आम्लाचे काम नीट चालावे म्हणून, पण वाफ म्हणजे वाहते पाणी नव्हे. आता शेजारी जपानचे उदाहरण ठेवा. तिथे १९७२ पासून प्रोपिलीनला पाणी जोडून आयसोप्रोपिल अल्कोहोल करायला याच घराण्यातले आम्ल वापरले गेले, पण पाण्यात सरळ विरघळवून. पाणीच अभिक्रियेचा भाग असताना ते सिलिकेवर बसवण्याचा हट्ट त्या अभियंत्यांनी धरला नाही. दोन्ही कारखाने शहाणे, कारण दोघांनी आधी माध्यम पाहिले आणि मग आम्लाचे रूप ठरवले. आपल्याकडे उसाच्या मळीतल्या अल्कोहोलपासून जे इथाइल ॲसिटेट बनते, तिथे हलची नक्कल चालणार नाही. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लातून ८८ किलो एस्टरबरोबर १८ किलो पाणी निघते, म्हणजे टनामागे दोनशे किलोंहून अधिक. तुमच्या आम्लाला सगळ्यात जास्त आवडणारा विद्रावक उत्प्रेरकाच्या कुशीतच जन्मतो. अशा जागी, १२० अंशांच्या आत काम भागत असेल तर, अँबरलिस्ट-१५ सारखी आम्लधर्मी रेझिन जास्त चांगली. तिच्यात ग्रॅममागे ४.७ मिलिमोल प्रोटॉन आहेत; तुमच्या ३० टक्के भाराच्या भुकटीत ०.३१. पंधरापट फरक आहे, आणि रेझिनचे आम्ल कार्बनच्या बंधाने बांधलेले आहे. पण त्या तापमानाच्या वर रेझिन तग धरत नाही, आणि टोल्यूइनसारख्या अध्रुवीय माध्यमात, जिथे बळकट आम्ल लागते आणि ते विरघळत नाही, तिथे तुमची भुकटी खरोखर सरस आहे. तो भूभाग तुमचाच आहे, तो मी मागत नाही.

पूर्वपक्ष: भूभाग वाढवताही येईल. पकड सैल आहे म्हणता ना? मग बांधून टाकू. सिलिकेवर आधी अमीन गट लावले तर केगिन पक्का बसतो. सीझियमचे क्षार केले तर तो पाण्यात विरघळत नाही. किंवा सिलिका घडवतानाच आम्ल आत घालू, म्हणजे ते भिंतीतच गाडले जाईल. नाहीतर केगिन सोडून देऊ आणि सल्फोनिक गट सिलिकेला कायमचा जोडू.

उत्तरपक्ष: चारही वाटा खऱ्या आहेत आणि चारहींवर जकात आहे. अमीन गट प्रोटॉन घेतो म्हणून केगिनला धरतो. ज्या दोराने बांधले तोच आम्ल खातो, आणि बांधून झाल्यावर कळते की आपण मीठ बांधले. सिलिका घडवताना आम्ल घालायचे तर साचा काढायची पंचाईत होते. साडेपाचशे अंशांवर भाजला तर केगिन मोडतो, इथेनॉलने धुऊन काढला तर साच्याबरोबर आम्लही निघते. सीझियमची वाट मला जास्त आवडते. अडीच प्रोटॉनच्या जागी सीझियम घातले की क्षार पाण्यात विरघळत नाही, त्याचे स्वतःचे पृष्ठफळ ग्रॅममागे शंभर चौरस मीटरच्या वर जाते, आणि उरलेला अर्धा प्रोटॉन बळकटच राहतो. टोकियो विद्यापीठात ओकुहारा आणि मिसोनो यांनी हे तपशिलात दाखवले. फक्त हे कण इतके बारीक की पाण्यात दुधासारखे पसरतात आणि गाळणीतून निसटतात. म्हणजे इथे आधाराचे काम वेगळे झाले: विरघळणाऱ्याला थोपवण्याऐवजी निसटणाऱ्या कणाला घर देणे. त्यासाठी छिद्रांत आधी सीझियम भरायचे, मग आम्ल सोडायचे, म्हणजे क्षार आतच धरतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव आणि सहकाऱ्यांनी के-१० या आम्लप्रक्रिया केलेल्या मातीवर सीझियमचा असा क्षार बसवून ॲनिसोलच्या बेंझॉइलीकरणासारख्या अभिक्रिया केल्या. माती सिलिका नव्हे, पण तर्क तोच. सल्फोनिक वाटेवर मर्काप्टोप्रोपिल सिलेन सिलिकेतच घालतात आणि गंधकाचे हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करतात. आम्ल कार्बनच्या साखळीने जोडलेले राहते, भार ग्रॅममागे मिलिमोलच्या आसपास मिळतो, बळ मात्र केगिनहून कमी. आणि गट सुटला नाही तरी जमीन सुटू शकते. गरम पाण्यात सिलिका स्वतः हळूहळू विरघळते. एमसीएम-४१ ची भिंत जेमतेम एक नॅनोमीटरची, उकळत्या पाण्यात ती फार काळ टिकत नाही. एसबीए-१५ ची तीन ते सहा नॅनोमीटर जाड, म्हणून ती जास्त तग धरते. तरीही वापरलेल्या नमुन्याचे लहान कोनांवरचे विवर्तन पुन्हा काढल्याशिवाय कोणी पोळे शाबूत असल्याचे म्हणू नये.

पूर्वपक्ष: तुम्ही नव्या पदार्थाकडून पहिल्याच दिवशी कारखान्याची अपेक्षा करता. पदार्थ घडवणे, त्याची रचना समजून घेणे हेही विज्ञान आहे. ताज्या नमुन्याची नोंद नसेल तर वापरल्यावर काय बदलले ते कशावरून सांगणार? आणि सगळ्यांकडे सगळी यंत्रे नसतात.

उत्तरपक्ष: ताज्या नमुन्याची नोंद हवीच, तिच्याशिवाय माझा प्रश्न विचारताच येत नाही, हे मान्य. रचनेचा अभ्यास रचनेचा म्हणून छापावा, त्यालाही माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो शीर्षकात उत्प्रेरक हा शब्द घालून आत केवळ भुकटीचे वर्णन करण्याला. यंत्रांचे कारण तर उलट बाजूने लागू पडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक छायाचित्र काढायला लागणारे पैसे आणि नंबर लावून थांबण्याचे दिवस पाहा, आणि शेल्डन यांच्या कसोटीला काय लागते ते पाहा: गरम ठेवलेले फनेल, गाळणकागद आणि आणखी दोन तास. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयातही हे सगळे असते. सीझियमच्या क्षाराला बारीक छिद्रांची गाळणी किंवा सेंट्रिफ्यूज लागेल, इतकेच. तेव्हा पीएच.डी.साठी सच्छिद्र सिलिका आणि हेटरोपॉली आम्ल हा विषय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पृष्ठफळ सिलिकेच्या ग्रॅममागेही द्या, वेग कमी रूपांतरावर मोजा, वापरलेल्या भुकटीतला आणि गाळलेल्या द्रवातला टंगस्टन दोन्ही मोजा, आणि अर्ध्यावर गाळून पुढे काय झाले तो आलेख पहिल्या प्रकरणात लावा. द्रवात अभिक्रिया चालूच राहिली, असे निघाले तर तेही छापा. आम्ल विरघळते, ही बातमी बर्झेलियसच्या काळापासून जुनी आहे. पण कोणत्या द्रवात, किती वेगाने आणि कोणत्या भाराला, याचे तक्ते अजून फार थोडे आहेत.